नाम, बालक आणि देह : जुने गोवे येथील बों जेजूस ख्रिस्तमंदिराचे एक वाचन

जुने गोवे येथील बों जेजूस बॅसिलिका आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिली असेल. गोव्यातील धर्मग्रामांतून तर ती वर्षातून एकदा तरी घडणारी यात्रा आहे. बेळगाव-खानापूरकडचे भाविक डिसेंबरात घाट उतरून तेथे जातात, आणि हैदराबाद, इंदूर, बडोदे येथील आमचे बांधव गोव्यात आले म्हणजे त्यांचा पहिला मुक्काम तोच असतो. परंतु 'पाहिली असेल' असे आम्ही म्हणतो; 'वाचली असेल' असे म्हणण्यास आमची लेखणी कचरते. परतलेल्या यात्रिकाला 'काय पाहिलेत?' असे विचारावे. 'सायबाचे दर्शन घेतले' हे उत्तर तत्काळ येते. 'आणि मुख्य वेदीवर कोण होते?' असे विचारले की बहुधा क्षणभर शांतता पसरते. ज्याच्या नावाने हे मंदिर उभे आहे, तो बाल येशू त्या उत्तरात नसतो.

या विसराचा दोष यात्रिकाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते तो दोष प्रथम आपला, म्हणजे त्याला तेथे घेऊन जाणाऱ्या धर्मगुरूंचा व धर्मशिक्षकांचा आहे. ख्रिस्तमंदिर हे केवळ पावसापासून उपासकांचे रक्षण करणारे छप्पर नव्हे. कोणती वस्तू मध्यभागी, कोणती बाजूस, कोणती उंच, कोणती डोळ्यांच्या पातळीवर, यांतून ते मंदिर आपला विश्वास बोलून दाखवते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक संविधानात प्रतिमांच्या पूजनाची परंपरा कायम ठेवतानाच त्या मोजक्या असाव्यात व त्यांची परस्परांतील मांडणी योग्य क्रमाने असावी असा दंडक घातला, तो याच जाणिवेने. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही बों जेजूसच्या मांडणीतील क्रम तपासणार आहोत. हा क्रम बऱ्याच अंशी निर्दोष असून आपणच तो चुकीचा वाचतो, असे आमचे मत आहे. पण काही ठिकाणी हे दगड विश्वासाबरोबर सत्तेचीही भाषा बोलतात. तेही झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मंदिर आधी, देह नंतर

प्रारंभी एक साधी कालगणना ध्यानात घ्यावी. मंदिराची कोनशिला २४ नोव्हेंबर १५९४ रोजी बसवण्यात आली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांच्या हस्ते त्याचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे देहावसान ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सान्सियान बेटावर झाले. त्यांचा देह मलाक्कामार्गे १५५४ च्या मार्च महिन्यात गोव्यास पोहोचला व पुढे अनेक वर्षे येशूसंघाच्या संत पावलाच्या महाविद्यालयात राहिला. त्यांना धन्यपद १६१९ मध्ये व संतपद १२ मार्च १६२२ रोजी देण्यात आले आणि त्यानंतर लवकरच त्यांचे अवशेष या मंदिरात आणण्यात आले.

या सनावळीचा अर्थ एवढाच की, बों जेजूस हे संताच्या देहासाठी बांधलेले मंदिर नव्हे. मंदिर उभे राहिले, पवित्र झाले, त्यात मिस्साबलिदान सुरू झाले, आणि मग संत तेथे वस्तीस आले. ते या घराचे सर्वांत थोर पाहुणे खरे, पण घरधनी नव्हेत. घरधन्याचे नाव दारावर लिहिलेले आहे. ते वाचूनच आपण आत गेले पाहिजे.

दर्शनी भिंत : नाम

मंदिराची दर्शनी भिंत पश्चिमेस तोंड करून उभी आहे. बांधकाम जांभ्याच्या चिऱ्याचे. खांब, कमानी व नक्षी यांसाठी वापरलेला काळा दगड वसईकडून समुद्रमार्गे आणलेला. खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन चौकोनी खिडक्या, त्यांवर तीन वर्तुळाकार गवाक्षे, आणि सर्वांच्या माथ्यावर नक्षीदार चौकट. घंटेचा मनोरा मंदिराच्या मागील अंगास असल्याने समोरून पाहणाऱ्याची दृष्टी डाव्या-उजव्या मनोऱ्यांत वाटली जात नाही. ती मजल्यामागून मजला चढत सरळ त्या माथ्यावरच्या चौकटीत जाऊन थांबते.

त्या चौकटीत कोणाचीही मूर्ती नाही. तीन रोमी अक्षरे आहेत : आय, एच, एस. येशू या नावाच्या ग्रीक लेखनातील ती पहिली तीन अक्षरे होत. येशूसंघाने ती आपली मुद्रा म्हणून स्वीकारली, पण मूळ चिन्ह संघाहून कितीतरी जुने आहे. ज्या संघाजवळ हुतात्मे, पंडित आणि धर्मप्रसारक यांची वाण नव्हती, त्याने आपल्या मंदिराच्या अत्युच्च स्थानी कोणाही माणसाची आकृती न बसवता केवळ नाम कोरावे, ही साधी गोष्ट नव्हे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौलाने ज्या नामापुढे स्वर्गातील, पृथ्वीवरील व पाताळातील सर्वांनी गुडघे टेकावेत असे सांगितले आहे, तेच हे नाम. पत्रात त्याची पायरी आधी सांगितली आहे : प्रथम स्वतःस रिक्त करणे, दासाचे रूप घेणे, मरणापर्यंत आज्ञाधारक होणे, आणि मग उच्च पदास नेले जाणे. आत गेल्यावर ही पायरी आपल्याला लाकडात व सोन्यात पुन्हा भेटणार आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला या चिन्हाकडे जाण्याची एक वाट आपल्या घरातूनच मिळते. 'नाम' हा शब्द ज्या भाषेत शतकानुशतके ओठांवर खेळला, त्या भाषेतील श्रोत्यास नामाचे माहात्म्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अर्थात शब्द एक असला म्हणून आशय एक ठरत नाही. येथले नाम हे विशिष्ट काळी, विशिष्ट मातेच्या उदरी जन्मलेल्या आणि आठव्या दिवशी नामकरण झालेल्या एका व्यक्तीचे नाम आहे. पण साम्य व भेद हे दोन्ही त्या चौकटीखाली उभे राहून पाच मिनिटांत सांगता येतात, आणि कितीतरी धर्मशिक्षणवर्गांत जे साधत नाही ते तेथे साधते.

एकच दालन : शब्द आणि त्याच्या समोरचा सरदार

आत शिरताच जाणवतो तो मोकळेपणा. सुमारे १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद व ६१ फूट उंच असे हे एकच सलग दालन आहे. दुतर्फा खांबांच्या रांगांनी पाडलेले उपदालन नाही. त्रेंतच्या विश्वपरिषदेनंतर (१५४५–१५६३) येशूसंघाने जगभर जी मंदिरे बांधली, त्यांचा हा विशेष. वेदी प्रत्येकास दिसली पाहिजे आणि प्रवचन प्रत्येकास ऐकू आले पाहिजे, हा त्यामागील हेतू. भिंती त्या मानाने साध्या. अलंकार राखून ठेवला आहे तो ठरावीक जागांसाठी, आणि त्यांतील पहिली जागा म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीवरील व्यासपीठ.

हे लाकडी व्यासपीठ छत्रासह कोरलेले आहे. त्याच्या बाजूंवर प्रभू येशू, चार शुभवर्तमानकार आणि ख्रिस्तसभेचे चार आचार्य यांच्या आकृती आहेत, आणि तळाशी सात आकृती जणू त्याचा भार पेलून धरतात. जो प्रवचनकार तेथे चढेल त्याच्या चहूबाजूंस शास्त्र व परंपरा उभी आहे. त्याने आपले मत सांगण्यासाठी नव्हे, तर मिळालेले सांगण्यासाठी तेथे चढावे, हे त्याला पायऱ्यांवरच कळावे. व्यासपीठाचे धर्मशास्त्र याहून थोडक्यात सांगणे कठीण.

परंतु आता मागे वळून समोरच्या, उत्तरेकडील भिंतीकडे पाहावे. व्यासपीठाच्या बरोबर समोर दों जेरोनिमु माश्कारेन्यश यांचे स्मारक आहे. हे कोचीन व होर्मुझ येथील पोर्तुगीज कप्तान. १५९३ मध्ये ते वारले आणि त्यांनी मागे ठेवलेल्या द्रव्यातून हे मंदिर बांधले गेले. दात्याची आठवण ठेवणे हे कृतज्ञतेचे लक्षण आहे, त्यास कोणी नाव ठेवू नये. तरीही ही समोरासमोरची मांडणी आम्हांस अस्वस्थ करते. एका भिंतीवर शब्द आणि दुसऱ्या भिंतीवर किल्लेदाराची संपत्ती. मधल्या जागेत उपासक समाज. सोळाव्या-सतराव्या शतकातील गोव्याच्या ख्रिस्तसभेची सारी परिस्थिती या दोन भिंतींत सामावली आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सुवार्ता ज्या जहाजातून आली त्याच जहाजात तोफाही होत्या.

या व्यासपीठाविषयी मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट मनात धरावी. हे मंदिर पवित्र झाले त्याच वर्षांत, याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत बसून 'ख्रिस्तपुराण' रचीत होते. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठीत पुरा केला, आणि १६१६ मध्ये तो राशोल येथे रोमी अक्षरांत छापला गेला. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या, म्हणजे लोक तो वाचीत व ऐकत होते. बों जेजूसचे वास्तुशिल्प युरोपातून आले. पण त्याच पिढीतील त्याच संघाने शब्दाचे मंदिर मात्र येथल्या ओवीत बांधले. या दोहोंपैकी कोणती वाट पुढे मोठी झाली? १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्वोर यांनी स्थानिक भाषा मागे सारून पोर्तुगीज लादण्याचा हुकूम काढला. दगड राहिला, ओवी मागे पडली. कोरीव व्यासपीठाकडे पाहताना ही हानी आठवली नाही, तर आपले पाहणे अपुरेच राहील.

वेदी : मोठा माणूस, लहान देव

आता मुख्य वेदी. पुढच्या काळात घडवलेली ही सोन्याच्या मुलाम्याची भव्य वेदी गाभाऱ्याची मागची भिंत तळापासून छतापर्यंत व्यापते. खाली बाल येशूची लहानशी मूर्ती. तिच्यावर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशिअस लोयोला यांची पुरुषभर उंचीहूनही बरीच मोठी मूर्ती. त्यांच्यावर तेजोवलयात तेच नाम, आय एच एस. आणि सर्वांच्या वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा, म्हणजे परमपवित्र त्रैक्य.

या वेदीवर घेतला जाणारा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. संस्थापक एवढा विशाल आणि जगाचा तारक एवढा लहान, की मागच्या बाकांवरून तो धड दिसूही नये! ही संघाची आत्मस्तुती नव्हे काय? १६२२ मध्ये इग्नेशिअस व झेवियर यांना एकाच दिवशी संतपद मिळाले. त्यानंतरच्या काळात संघाला आपल्या वैभवाचा अभिमान वाटला नसेल, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मानवी गर्व वेदीच्या पायरीपाशी थांबतोच असे नाही.

पण समीक्षकाने मोजपट्टीबरोबर डोळ्यांचाही उपयोग करावा. ही विशाल मूर्ती कोणाकडे पाहते? आपल्याकडे नाही. तिची मान वर वळलेली आहे आणि दृष्टी त्या नामावर खिळली आहे. ज्याला उपासकांचे वंदन स्वीकारायचे असते तो उपासकांकडे पाहतो; जो साक्षीदार असतो तो दुसरीकडे पाहतो, आणि पाहणाऱ्याची नजर आपल्यामागून तिकडे नेतो. यार्देनच्या काठी योहानाने येशूकडे बोट दाखवले. येथे तेच काम मान आणि डोळे करतात. मूर्ती मोठी आहे हे खरे, पण ती बाणासारखी मोठी आहे.

आणि बालक लहान का? कारण देव लहान झाला, हाच आपला विश्वास आहे. खालून वर वाचत गेले की वेदीचे चार थर दिसतात : तळाशी देहधारी, असहाय शिशू, त्यानंतर त्याने बोलावलेला माणूस, मग ते नाम, आणि शेवटी त्रैक्याचे रहस्य. वरून खाली वाचले तर हीच अवतरणाची वाट आहे. फिलिप्पैकरांच्या पत्रातली ती पायरी दारावर संक्षेपाने कोरली होती, ती येथे विस्ताराने मांडली आहे. या वाचनाला बाजूच्या वेद्यांचाही आधार मिळतो. एका बाजूस आशामाता, म्हणजे प्रसवाची वाट पाहणारी पवित्र मरिया. दुसऱ्या बाजूस देवदूत मिखाएल, जो ख्रिस्ती कलेत अंतिम न्यायाशी जोडला गेला आहे. एकीकडे बालकाच्या येण्याची आशा, दुसरीकडे त्याच बालकाच्या पुनरागमनाचे स्मरण, आणि मध्ये त्याची वेदी. हा अर्थ घडवणाऱ्यांच्या मनात याच शब्दांत होता असा आमचा आग्रह नाही. परंतु ख्रिस्तसभेचा विश्वास मनात घेऊन तेथे उभे राहणाऱ्यास तो सापडतो, आणि धर्मशिक्षणास एवढे पुरे आहे.

मात्र आक्षेपातील एक अंश उरतोच. मागे उभ्या असलेल्या भाविकास बालक दिसत नाही. मग ते बोटाने दाखवणारा कोणीतरी हवा. वेदीने जे काम इग्नेशिअसच्या मानेवर सोपवले, त्याचा उरलेला भाग आपल्यावर सोपवला आहे.

उत्तर आणि दक्षिण

येथवर आल्यावर यात्रिक काय करतो? तो उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे वळतो. तिकडे संत फ्रान्सिस झेवियर यांचे चॅपेल आहे, कोरीव लाकूडकामाने व संताच्या चरित्रातील प्रसंगांच्या चित्रांनी नटलेले. रांग तिकडे, मेणबत्त्या तिकडे, नवस तिकडे. फार थोडे लोक डावीकडे वळतात. उत्तरेकडील त्या चॅपेलात परमपवित्र साक्रामेंत ठेवलेले असते.

आमच्या मते संपूर्ण मंदिराच्या मांडणीतील सर्वांत बोलकी व सर्वांत दुर्लक्षित गोष्ट ती हीच. एका बाजूस शिष्याचा देह, दुसऱ्या बाजूस प्रभूचे शरीर, आणि दोहोंमध्ये, काटकोनात, वेदी. वेदीवरच्या बलिदानातूनच दोन्हींना अर्थ आहे. ज्या प्रभूचे शरीर झेवियर यांनी आयुष्यभर आपल्या हातांनी उचलून लोकांना दिले, त्याच शरीराशी एकरूप झाल्यामुळे त्यांचा देह आपल्याला वंदनीय आहे. त्रेंतच्या परिषदेने १५६३ च्या डिसेंबरात अवशेषांविषयी जो ठराव केला त्याचा गाभा हाच : संतांचे देह हे ख्रिस्ताचे जिवंत अवयव व पवित्र आत्म्याचे मंदिर होते, आणि तो त्यांना सार्वकालिक जीवनासाठी उठवणार आहे, म्हणून त्यांचा सन्मान. आराधना एका परमेश्वराची, संतांना वंदन. हा भेद प्रश्नोत्तरीतून पाठ करवून घेतला जातो. बों जेजूसने तो उत्तर आणि दक्षिण अशा दोन दिशांत मांडून ठेवला आहे.

संतांच्या देहदर्शनाचे मागील पर्व, म्हणजे अठरावे, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले. १७८२ साली सुरू झालेल्या या प्रथेचे मूळ मोठे उद्बोधक आहे : १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून येशूसंघीयांची हकालपट्टी झाल्यावर त्यांनी देह पळवला अशी वदंता उठली, आणि ती खोडून काढण्यासाठी देह लोकांपुढे ठेवावा लागला. त्या सात आठवड्यांत अवशेष समोरच्या से कॅथेड्रलमध्ये होते आणि अलोट गर्दी तिकडेच लोटली होती. बों जेजूसमधील ते चॅपेल तेवढे दिवस रिकामे होते. पण नाम दारावर होते, बालक वेदीवर होते. संत पाहुणे आहेत, घरधनी नव्हेत, हे त्या दिवसांत मंदिराने आपोआप सिद्ध करून दाखवले. ते किती जणांच्या लक्षात आले असेल?

कबर : चांदी आणि कांस्य

तरीही दक्षिणेकडे गेलेच पाहिजे, कारण तेथे दोन निरनिराळ्या हातांचे काम एकमेकांवर ठेवलेले आहे. वरची चांदीची पेटी १६३६–३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली. तिच्यावर संताच्या जीवनातील प्रसंगांचे ३२ पत्रे आहेत. खालची संगमरवरी व जॅस्परची कबर ही टस्कनीचा महाड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याची देणगी. फ्लॉरेन्सचा शिल्पकार ज्योव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने ती दहा वर्षे खपून तयार केली व १६९८ मध्ये ती येथे उभारण्यात आली. तिच्या चार बाजूंस कांस्याचे चार उठावपट आहेत : मोलुक्का बेटांतील प्रवचन, बाप्तिस्मा, मोरो बेटावरील छळ आणि सान्सियान येथील मृत्यू.

कारागिरीच्या दृष्टीने हे पट निःसंशय श्रेष्ठ आहेत. पण फ्लॉरेन्सच्या कार्यशाळेत घडलेल्या या कामात पूर्वेकडचा माणूस येतो तो एकतर गुडघे टेकलेला किंवा शस्त्र उगारलेला. ऐकणारा किंवा मारणारा. विचारणारा, वाद घालणारा, मित्र झालेला असा तो नाही. झेवियर यांचे खरे चरित्र याहून गुंतागुंतीचे होते. जपानमध्ये ते तेथील भिक्षूंशी वाद-संवाद करीत राहिले आणि त्या लोकांच्या बुद्धीविषयी त्यांनी आदराने लिहिले. उलट त्यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला गोव्यात इन्क्विझिशन बसवण्याची विनंती केली होती. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी सुरू झाले व १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्या काळात गोव्यातील अनेकांना, हिंदूंना आणि नवख्रिस्त्यांनाही, जे सोसावे लागले ते आमच्या शेजाऱ्यांच्या स्मरणात आहे. बॅसिलिकेत येणाऱ्या यात्रिकांत हिंदू बांधव मोठ्या संख्येने असतात. त्यांपैकी कोणी धर्मशिक्षकास यासंबंधी विचारले, तर विषय बदलू नये. संतपद म्हणजे प्रत्येक मताची निर्दोषता नव्हे, असे उत्तर आमच्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीतूनच देता येते. ते खाली मान घालून, पण स्पष्ट द्यावे.

चांदीची पेटी मात्र दुसरीच कथा सांगते. विषय ख्रिस्ती, कल्पना बऱ्याच अंशी इटालियन. पण ठोक्याची लय, वेलबुट्टीचा सोस आणि कडेपर्यंत जागा भरून काढण्याची हौस येथल्या हाताची. सोळाव्या शतकात ख्रिस्ती प्रतिमा व पवित्र वस्तू गैरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास गोव्यात वारंवार मनाई झाली. वारंवार करावी लागली, यावरूनच ती फारशी पाळली जात नव्हती हे उघड होते. ही पेटी कोणाकोणाच्या हातून घडली याची नावे तिच्यावर नाहीत. महाड्यूकचे नाव सर्वांस माहीत आहे, सोनाराचे नाही. परंतु संताचा देह ज्या वस्तूला टेकला आहे ती महाड्यूकची कबर नसून सोनाराची पेटी आहे. मंदिराने केलेला हा न्याय हेतुपूर्वक नसेलही. आम्ही मात्र तो आनंदाने नोंदवतो.

आणि या संगमरवराच्या शेवटच्या पटाकडे पुन्हा एकदा पाहावे. चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत, परक्या किनाऱ्यावरील झोपडीत, एका चिनी सोबत्याच्या सान्निध्यात हा माणूस वारला. हाती काहीच आले नव्हते. एवढे अपयश एवढ्या वैभवाने झाकले गेले आहे, की यात्रिकास ते दिसू नये. वास्तविक आमच्या खेड्यापाड्यांतील धर्मशिक्षकांना, वर्षानुवर्षे राबून मोजके फळ पाहणाऱ्यांना, या कबरीवरील सर्वांत जवळचा पट तोच वाटावा.

उघडा जांभा

एक शेवटचा मुद्दा. आज आपण पाहतो ती तांबूस, उघड्या चिऱ्याची भिंत मूळची नव्हे. गोव्यातील इतर ख्रिस्तमंदिरांप्रमाणे याही मंदिरावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्याला, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या पर्वात, जुनेपण उठून दिसावे म्हणून तो काढण्यात आला. जांभा सच्छिद्र दगड. कोकणातील कोणीही गवंडी सांगेल की पावसात तो उघडा ठेवला तर झिजतो. १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली ही भिंत दर पावसाळ्यात थोडी थोडी विरघळते आहे, आणि गिलावा परत द्यावा की न द्यावा हा वाद चालू आहे. लोकांना हा तांबडा रंगच 'खरा' वाटू लागला आहे.

हा प्रश्न आम्हांस केवळ डागडुजीचा वाटत नाही. प्राचीन दिसावे म्हणून संरक्षण काढून टाकणे ही चूक धर्मजीवनातही घडते. चालीरीती, सण, नोव्हेना, दर्शन यांवरचा शिकवणीचा साधा पांढरा लेप आपण खरवडून काढतो, कारण उघडी भक्ती अधिक रंगीत दिसते. काही पावसाळे ती टिकतेही. मग चिरा झिजू लागतो.

आपले काम

म्हणून धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती साधी आहे. पुढच्या वेळी यात्रिकांना घेऊन जाल तेव्हा बसमधून उतरताच रांगेत उभे करू नका. प्रथम भिंतीसमोर थांबवा आणि माथ्यावरची तीन अक्षरे दाखवा. आत आल्यावर व्यासपीठ व त्याच्या समोरचे स्मारक, दोन्ही दाखवा. शब्द आणि सत्ता यांविषयी जे खरे आहे ते सांगा. वेदीपुढे बसवून बालक कोठे आहे ते लहान मुलांना शोधावयास सांगा, ती मोठ्यांच्या आधी शोधतील. मग सर्वांना आधी डावीकडे, साक्रामेंतापुढे न्या आणि दहा मिनिटे शांत बसू द्या. शेवटी उजवीकडे जा. तेथे नवस करू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्या भोळ्या भावाने आमच्या आजी-आजोबांनी तेथे डोके टेकले, त्या भावाचा अवमान आमच्या हातून न घडो. फक्त, ज्याच्यामुळे हा संत संत झाला, त्याला भेटून मग संताला भेटावे.

चार शतकांपूर्वी हा क्रम दगडात व लाकडात घालून ठेवलेला आहे. तो पावसाने अजून पुसलेला नाही. तो लोकांना वाचून दाखवणे, आपल्या भाषेत वाचून दाखवणे, हे स्टीफन्स यांच्या ओवीनंतर आता आपल्याकडे आले आहे.